डावी बाजू दगड झालीये, आता दुसऱ्यांदा कोणतं इम्प्लांट?

रानजाई

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय खाजगी आहे, पण आडवळणं न घेता लिहिते.

२०१६ मध्ये मी दोन्ही स्तनांत इम्प्लांट बसवून घेतले. दोन बाळंतपणं, त्यानंतर झपाट्याने उतरलेलं वजन, हे कारण. 'का केलंस' यावर चर्चा नको, ती घरी पुरेशी झाली आहे. ३२५ सीसी, गोल, सिलिकॉन जेल, टेक्स्चर्ड (खरखरीत पृष्ठभागाचे). ग्रंथीच्या खाली पण स्नायूच्या वर. छेद स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने घेतलेला. आठ वर्षं मी विसरूनही गेले होते की आत काही आहे.

गेल्या वर्षभरात डावी बाजू घट्ट होत गेली. आता पालथं झोपलं की चेंडूवर झोपल्यासारखं वाटतं. ब्राच्या डाव्या कपात वर फुगवटा आणि खाली पोकळी. माझी सहा वर्षांची भाची छातीवर डोकं टेकून गोष्ट ऐकते. परवा मधेच उठली आणि उजवीकडे जाऊन बसली. "मावशी, या बाजूला टोचतं." त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर, म्हणजे इम्प्लांटभोवती तयार झालेलं आवरण आकसणं, बेकर ग्रेड ३, असं निदान झालं. इम्प्लांट बदलावं लागेल, पुढच्या वेळी येताना कोणतं हवं ते ठरवून या, असं म्हणून हातात एक माहितीपत्रक दिलं. तीन आठवडे तक्ते घेऊन बसलेय. स्मूथ की टेक्स्चर्ड? सिलिकॉन की सलाईन (मिठाचं पाणी भरलेलं)? गोल की थेंबाच्या आकाराचं? तेवढंच माप की कमी? आणि उजवी बाजू मऊ आहे, तिला हात लावायचा का? वॉशिंग मशीन घेतानाही माझा एवढा गोंधळ झाला नव्हता.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा, प्लीज.

पिंगा

रानजाई, तुझ्या जागी मी तीन वर्षांपूर्वी होते, म्हणून आधी माझीच चूक सांगते. मीही फक्त 'कोणतं' एवढंच विचारत बसले. नवं, महागडं, जास्त घट्ट जेलचं इम्प्लांट निवडलं. सर्जननी आतल्या आवरणाला चिरा दिल्या, ते सैल केलं आणि त्याच जागी नवं इम्प्लांट ठेवलं. चौदा महिन्यांत परत तेच. तीच बाजू.

मग दुसरीकडे दाखवलं. त्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "आवरण काढलं होतं की नुसतं कापलं होतं? आणि पॉकेट, म्हणजे इम्प्लांटची आतली जागा, बदललं का?" मला उत्तरच माहीत नव्हतं. माझ्याच अंगावरची शस्त्रक्रिया, आणि मला तिचं वर्णन करता येईना!

तेव्हा माहितीपत्रक मिटव. आत काय करणार आहेत ते आधी विचार.

टाकादोरा

मी प्लास्टिक सर्जन आहे. इथून निदान करत नाही, उपचारही सांगत नाही, पण हा प्रश्न रोज समोर येतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोणतंही इम्प्लांट बसवलं की शरीर त्याच्याभोवती व्रणाच्या ऊतीचं पातळ आवरण तयार करतं. सगळ्यांमध्ये करतं. पेसमेकरभोवतीही करतं. हेच कॅप्सूल, आणि ते असणं हा आजार नाही. काहींमध्ये हे आवरण जाड होतं आणि आकसायला लागतं. पिशवीची नाडी ओढली की आतल्या वस्तूचा गोळा होतो, तसं. बेकरच्या वर्गीकरणात ग्रेड १ म्हणजे मऊ, २ म्हणजे हाताला किंचित घट्ट पण दिसायला ठीक, ३ म्हणजे घट्ट आणि आकारही बिघडलेला, ४ म्हणजे त्यावर दुखणंही.

आकसण्याची कारणं अनेक, आणि बऱ्याचदा एकत्र असतात. शस्त्रक्रियेनंतर आत साचलेलं रक्त किंवा द्राव, किरणोत्सर्ग, फुटलेल्या इम्प्लांटमधून झिरपलेलं सिलिकॉन. पण आज सगळ्यांत जास्त बोललं जातं ते बायोफिल्मबद्दल. त्वचेवर आणि दुग्धनलिकांमध्ये राहणारे साधे जंतू, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस, इम्प्लांटच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसतात. ताप नाही, पू नाही. दगडावर शेवाळ चढावं तसे असतात, वर्षानुवर्षं शरीराला डिवचत राहतात. त्या थरात गोळीतलं अँटिबायोटिक नीट पोचत नाही. म्हणूनच जुनं इम्प्लांट धुऊनपुसून परत ठेवू नये, असं बहुतेक जण मानतात.

आता रानजाईताई, तुमचं वर्णन वाचून दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. इम्प्लांट स्नायूच्या वर, आणि छेद वर्तुळाच्या कडेने. त्या छेदातून जाताना दुग्धनलिका कापल्या जातात, म्हणजे जंतूंच्या घरातूनच वाट. दोन्ही गोष्टींनी कॉन्ट्रॅक्चरची शक्यता वाढते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे माझ्या मते तुमच्यासाठी पृष्ठभागाचा प्रश्न तिसरा-चौथा. पहिला प्रश्न, नवं इम्प्लांट कोणत्या जागेत आणि कोणत्या वाटेने जाणार?

आणि त्याच्याही आधी, तुमचं इम्प्लांट टेक्स्चर्ड आहे. कोणत्या कंपनीचं, कोणत्या प्रकारचं? कार्ड मिळालं असेल ना तेव्हा?

रानजाई

कार्ड?

टाकादोरा

छोटं, एटीएम कार्डाएवढं. त्यावर मॉडेल, लॉट आणि सिरियल नंबर असतो.

सपाटप्रदेश

डॉक, सगळ्यांचं कार्ड एकाच ठिकाणी असतं. 'नीट जपून ठेवलंय' तिथे. आणि ते तिथे कधीच सापडत नाही.

करडी_छटा

मी रेडिओग्राफर. रानजाई, आठ-नऊ वर्षांत एकदाही सोनोग्राफी किंवा एमआरआय केलास का? मी विचारते तेव्हा बहुतेक जणींचं उत्तर नाहीच असतं, आणि त्यात त्यांची चूक नसते, कारण कुणी सांगितलेलंच नसतं. सिलिकॉनचं इम्प्लांट फुटलं तरी बाहेरून कळेलच असं नाही. त्याला सायलेंट रप्चर म्हणतात. एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेचा सध्याचा सल्ला असा आहे की त्रास नसला तरी ५ ते ६ वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि मग दर २ ते ३ वर्षांनी.

कवच फाटून आत दुमडलं की एमआरआयमध्ये चुरगळलेल्या दोऱ्यांसारख्या रेषा दिसतात. जेल आवरणाबाहेर गेलं तर सोनोग्राफीत हिमवादळासारखं पांढरं धुकं. शस्त्रक्रियेआधी हे माहीत असलं तर सर्जन वेगळ्या तयारीने आत जातो.

अजून एक, मॅमोग्राफी. घट्ट झालेल्या स्तनात इम्प्लांट मागे ढकलून पुढची ऊती ओढून घेता येत नाही, त्यामुळे तो फोटो अपुरा राहतो. 'मला फक्त दिसण्याचा त्रास आहे' असं म्हणणाऱ्या बायकांना मी हे मुद्दाम सांगते. तपासणीच नीट होत नाही, हाही त्रासच आहे.

निर्भीड_पण_नम्र

विचारतोय म्हणून राग नसावा. निसर्गाने दिलेलं सोडून हे सगळं करायचंच कशाला? आता भोगा.

सपाटप्रदेश

राग नाही. दात पडला तर तुम्ही मोकळी हिरडी मिरवणार आहात हे वाचून आदर वाटला.

वळीव

नम्रराव, या धाग्यावर येणाऱ्या सगळ्याच हौसेने इम्प्लांट बसवलेल्या नसतात. माझा कर्करोगात स्तन काढला होता. आणि हौसेने बसवलेलं असलं तरी आकसलेलं आवरण कुणाला शिक्षा म्हणून होत नाही.

रानजाई, माझी गोष्ट वेगळी आहे, पण कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते. स्तन काढल्यावर इम्प्लांट, मग त्याच जागी रेडिएशन. दीड वर्षात ग्रेड ४. हात वर करून केस विंचरताना बरगड्यांवर कुणी पट्टा आवळतंय असं व्हायचं. मीही तेव्हा विचारलं होतं, आता कोणतं इम्प्लांट चांगलं. माझ्या सर्जन म्हणाल्या, "किरणं लागलेल्या त्वचेखाली मी तुम्हाला कितीही उत्तम इम्प्लांट ठेवलं, तरी जमीन तीच आहे." त्या ठिकाणी बाहेरून रक्तपुरवठा असलेली ऊती आणणं हाच पर्याय त्यांना योग्य वाटला. पोटाच्या खालच्या भागातली त्वचा आणि चरबी, तिच्या रक्तवाहिन्यांसकट, छातीवर आणून जोडली. डीआयईपी फ्लॅप म्हणतात. शस्त्रक्रिया लांबलचक, पहिली रात्र दर तासाला नर्स येऊन फ्लॅपचा रंग आणि ऊब बघून जायची, पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण. सोपं नव्हतं. पण आता जे आहे ते उबदार आहे. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती, इम्प्लांटचा स्तन थंडीत गार पडतो.

रानजाई

वळीव, तुझं वाचून बराच वेळ काही टाइपच करता आलं नाही. ते गार पडणं... हो. मला वाटायचं माझं मलाच वाटतंय.

कार्ड सापडलं! फ्रिजच्या वॉरंटीच्या पाकिटात. टेक्स्चर्डच आहे, मायक्रो प्रकारचं. आता याचा अर्थ काय घ्यायचा?

टाकादोरा

छान काम केलंत. आता पार्श्वभूमी.

टेक्स्चर्ड इम्प्लांटशी निगडित एक दुर्मिळ लिम्फोमा आहे, बीआयए-एएलसीएल. तो स्तनाचा कर्करोग नाही, आवरणात आणि त्याभोवतीच्या द्रावात होणारा, प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग आहे. एफडीएने २०११ मध्ये पहिल्यांदा या संबंधाची शक्यता जाहीर केली. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने खरखरीत पृष्ठभागाच्या मॅक्रोटेक्स्चर्ड आणि पॉलियुरेथेन इम्प्लांट्सवर बंदी घातली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये एफडीएच्या विनंतीनंतर अ‍ॅलर्गनने बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत घेतली. नोंदलेली जवळजवळ सगळी प्रकरणं टेक्स्चर्डची आहेत, आणि पृष्ठभाग जितका खरखरीत तितका धोका अधिक असं चित्र आहे. तुमचं मायक्रो आहे, म्हणजे कमी खरखरीत, त्या यादीतलं नाही. काही लक्षण नसताना टेक्स्चर्ड इम्प्लांट निव्वळ भीतीपोटी काढा, असा सल्ला एफडीए देत नाही.

पण तुमच्याकडे लक्षण आहे. या लिम्फोमात बहुधा बऱ्याच वर्षांनी अचानक एक बाजू सुजते, आत द्राव साचतो. क्वचित गाठ, क्वचित कॉन्ट्रॅक्चर. तुमचं साधं कॉन्ट्रॅक्चर असण्याचीच शक्यता कितीतरी जास्त, तरी सोनोग्राफीशिवाय थेट शस्त्रक्रियेला जाऊ नका. द्राव दिसला तर सुईने काढून पेशी तपासायला, सीडी३० (या लिम्फोमाच्या पेशींवरची खूण) चाचणीसह. आणि काढलेलं आवरण पॅथॉलॉजीला जाणार का, हे आधी विचारून ठेवा.

कातरवेळ

मी बऱ्याच गटांमध्ये वाचलंय की आवरण इम्प्लांटसकट अखंड, म्हणजे एन ब्लॉकच काढलं पाहिजे, नाहीतर सगळं विष आत राहतं. रानजाई, तू तसंच लिहून घे त्यांच्याकडून.

टाकादोरा

कातरवेळ, इथे थोडा विरोध करतो. एन ब्लॉक म्हणजे आवरण न उघडता भोवतीच्या थोड्या निरोगी ऊतीसकट काढणं. लिम्फोमा असेल तर ते हवंच. साध्या कॉन्ट्रॅक्चरमध्ये ते आवश्यक नसतं, आणि त्यासाठी मोठा छेद लागतो. आवरणाची मागची भिंत बरगड्यांना चिकटलेली असेल तर ती खरवडताना फुप्फुसाच्या आवरणाला भोक पडण्याचा धोका असतो. तिथे थोडा पातळ थर सोडून देणं हा निष्काळजीपणा नव्हे. जाड, कॅल्शियम साचलेलं किंवा फुटलेल्या इम्प्लांटभोवतीचं आवरण मात्र होईल तेवढं पूर्ण काढतात.

थकवा, सांधेदुखी, विसरभोळेपणा असा त्रास सांगणाऱ्या बायका आहेत, त्यांचं म्हणणं मी झटकत नाही. इम्प्लांट काढल्यावर बऱ्याच जणींना बरं वाटतं. पण त्या त्रासासाठी ठरलेली निदान-चाचणी आज नाही, आणि आवरण अखंड काढल्यानेच फरक पडतो असं सिद्ध झालेलं नाही.

कावेरीकाठ

पॉलियुरेथेनबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. माझी दुसरी शस्त्रक्रिया त्याच इम्प्लांटने झाली. वरून फोमचा थर असतो, पातळ स्पंजासारखा. शरीराची ऊती त्या फोमच्या छिद्रांत घुसत जाते, त्यामुळे आवरणाचे धागे एका दिशेने रांगेत न लागता वेडेवाकडे होतात आणि एकजुटीने ओढू शकत नाहीत, असं मला समजावलं होतं. कॉन्ट्रॅक्चर कमी होतं यात त्याचं नाव पहिलं घेतात. माझं सहा वर्षं मऊ आहे.

आता दुसरी बाजू. ते बसवताना जिथे टेकतं तिथेच चिकटतं, वेल्क्रोसारखं. जरा वाकडं बसलं तर वाकडंच. पहिले काही महिने ताठ लागतं. काढायची वेळ आली तर फोम ऊतीत रुजलेला असतो, सोलून काढावा लागतो. शिवाय ते सगळ्या देशांत मिळतही नाही. आणि फ्रान्सच्या यादीत तेही होतं हे डॉकनी वर सांगितलंच. मला २०१९ नंतर कुणी विचारलं असतं तर मी हेच निवडलं असतं का, खरंच सांगता येत नाही.

अबोला

व्हिटॅमिन ई आणि मसाजने जात नाही का हे? माझ्या जावेला कुणीतरी दाबून दाबून मोकळं करून दिलं होतं म्हणे, कडाडून आवाज आला आणि मऊ झालं.

टाकादोरा

नको! बाहेरून जोर लावून आवरण फोडण्याची ती पद्धत, क्लोज्ड कॅप्सुलोटॉमी, एकेकाळी चालायची. त्यात इम्प्लांट फुटतं, आत रक्त साचतं, आणि कॉन्ट्रॅक्चर परतही येतं. ती केव्हाच मागे पडली. तयार झालेल्या ग्रेड ३ ला मसाजही सोडवत नाही. मॉन्टेलुकास्ट, झाफिरलुकास्ट ही दम्याची औषधं काही जण सुरुवातीच्या अवस्थेत देऊन बघतात, पण ती यासाठी मान्यताप्राप्त नाहीत आणि झाफिरलुकास्टने यकृताला इजा होऊ शकते. मनाने घेऊ नका.

रानजाई

सोनोग्राफी झाली. द्राव नाही, दोन्ही इम्प्लांट शाबूत, डावीकडचं आवरण जाड. हुश्श.

पिंगाचं ऐकून दुसऱ्या सर्जनकडेही गेले. यांनी आधी टेप काढली. स्तनाची रुंदी, वर्तुळापासून खालच्या घडीपर्यंतचं अंतर, चिमटीत धरून त्वचेची जाडी. मग माझं ३२५ सीसीचं प्रेम त्यांनी दोन मिनिटांत उतरवलं. म्हणाले, "सीसी हा आकडा बायका लक्षात ठेवतात, मी रुंदी बघतो." तेच ३२५ सीसी कमी प्रोफाइलमध्ये पसरट असतं, जास्त प्रोफाइलमध्ये अरुंद आणि पुढे आलेलं. माझ्या स्तनाची रुंदी बारा सेंटिमीटरच्या आसपास आणि आत जे आहे ते तिच्याहून मोठं, म्हणून बाजूला काखेकडे कड लागते. ती कड मला नऊ वर्षं बरगडी वाटत होती!

त्यांचं म्हणणं असं. इम्प्लांट स्नायूखाली न्यायचं, पण खालचा भाग ग्रंथीखालीच, ड्युअल प्लेन. छेद स्तनाखालच्या घडीत. आणि माप कमी. मला कमी नको होतं, हे प्रामाणिकपणे लिहिते. लोकांना कळेल, असंच पहिलं मनात आलं. लोकांना काय कळेल हेही नीट ठाऊक नाही.

एक विचारायचंय. ते थेंबाच्या आकाराचं नको म्हणाले. मला तेच जास्त नैसर्गिक वाटत होतं.

टाकादोरा

थेंबाचा आकार फिरला तर कळतो, गोल फिरला तर कुणाला कळत नाही. थेंबाला जागीच धरून ठेवायला पृष्ठभाग बहुधा टेक्स्चर्ड लागतो आणि पॉकेट अगदी मापात. तुमच्या बाबतीत आवरण काढल्यावर जागा सैल असणार. त्यात त्याला फिरायला मोकळं रान. शिवाय गोल इम्प्लांटसुद्धा उभं राहिल्यावर जेल खाली सरकून थोडं थेंबासारखंच दिसतं.

माप कमी करण्याचा सल्ला मला पटतो. जुन्या आवरणाच्या दाबाने ऊती पातळ झालेली असते, आवरण काढल्यावर अजून पातळ. त्यावर तेवढंच वजन टांगलं तर वर्षा-दोन वर्षांत ते खाली ओघळतं, कडा आणि सुरकुत्या दिसायला लागतात. पातळ त्वचेखाली सलाईनमध्ये सुरकुत्या अधिक जाणवतात, म्हणून अशा वेळी जेलकडे कल असतो. सलाईनचा फायदा एकच पण खरा, गळालं तर थोड्या दिवसांत बसतं आणि लगेच कळतं.

मात्र माप कमी केल्यावर त्वचा उरते. तेव्हा लिफ्ट, म्हणजे सैल त्वचा कमी करून स्तन वर उचलणं, लागेल का, आणि लागली तर त्याच दिवशी की नंतर, हे विचाराच. आवरण काढताना ग्रंथी पातळ झाली आणि त्याच वेळी लिफ्टचे छेदही घेतले, तर स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. दोन टप्प्यांत करू म्हणणारा सर्जन टाळाटाळ करतोय असं समजू नका.

पिंगा

माझ्या दुसऱ्या रिव्हिजनमध्ये, म्हणजे इम्प्लांट बदलायच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेत, आवरणाऐवजी आधार म्हणून एडीएम घातलं होतं, पेशी काढून टाकलेली त्वचेची जाळी. ती कशाची आहे ते विचारून घ्या. डुकराची, गायीची, माणसाची, सगळे प्रकार असतात. माझ्या आईला नंतर कळलं आणि आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच कागद न वाचता सही केली होती.

टाकादोरा

एडीएम वारंवार कॉन्ट्रॅक्चर होणाऱ्यांमध्ये मदत करतं असं दिसतं, पण पहिल्याच रिव्हिजनमध्ये सर्रास लागत नाही. संसर्ग आणि द्राव साचण्याचा धोका त्यालाही असतो.

सपाटप्रदेश

सगळे कोणतं बसवायचं यावर बोलताहेत, तर मी माझा झेंडा लावते. मी काढून टाकलं आणि काहीच बसवलं नाही. दुसऱ्या कॉन्ट्रॅक्चरनंतर. लिफ्ट करून घेतली, जे आहे ते आहे. पहिले दोन महिने आरशाशी अबोला होता. त्वचा सैल, वरचा भाग खोलगट. मग हळूहळू बसलं. थोडी चरबी भरायचं ठरलं होतं, ते मीच टाळत गेले आणि आता विसरले.

रानजाई, तू हेच कर असं म्हणत नाहीये. पण तुझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता, म्हणून म्हटलं. डॉक, रिव्हिजननंतर परत होण्याचं प्रमाण सांगा की. ते सांगितल्याशिवाय निवड कसली?

टाकादोरा

योग्य प्रश्न. अ‍ॅलर्गनच्या गोल जेल इम्प्लांट्सच्या दहा वर्षांच्या अभ्यासात ग्रेड ३-४ कॉन्ट्रॅक्चर पहिल्यांदा बसवलेल्यांमध्ये सुमारे १९ टक्के आणि रिव्हिजनमध्ये सुमारे २९ टक्के होतं. हा आकडा तुमच्यावर जसाच्या तसा लावू नका, त्यात सगळ्या तऱ्हेच्या जागा, छेद आणि सर्जन आले. पण कल स्पष्ट आहे. दुसऱ्या वेळी धोका वाढतो, कमी होत नाही. आणि कोणतंही इम्प्लांट जन्मभराचं नसतं. चव्वेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी नवं बसवलं तर आयुष्यात अजून एक शस्त्रक्रिया धरूनच चाला.

रानजाई

सपाट, तो रकाना आता लिहिलाय. रात्रभर त्याच्याकडे बघत होते. आज मला ते जमणार नाही. पुन्हा घट्ट झालं तर तिसऱ्यांदा बसवायचं नाही, एवढं नवऱ्याला आणि स्वतःला सांगून ठेवलंय.

शस्त्रक्रियेच्या दिवशी जंतू टाळायला काय करणार असं विचारलं, तर सर्जन खुश झाले. स्तनाग्रावर चिकटपट्टी लावून ते झाकणार, पॉकेट पोविडोन-आयोडिनने धुणार, नवं इम्प्लांट हातात घेण्याआधी ग्लव्ह्ज बदलणार आणि त्वचेला न लावता फनेलमधून आत सरकवणार. केकवर आयसिंग करायच्या कोनासारखं दिसतं ते!

उजवी बाजूही उघडायची असं ठरलंय. जुनं टेक्स्चर्ड एका बाजूला आणि नवं दुसऱ्या जागेत दुसऱ्या मापाचं, तर जोडी लागणार नाही. पुढच्या महिन्यातली तारीख मिळालीये.

कावेरीकाठ

सिगारेट, हुक्का, काही असेल तर आजपासून बंद. शुभेच्छा गं.

रानजाई

पाच महिन्यांनी परत आले. मधे 'काय झालं' म्हणून व्यनि करणाऱ्या सगळ्यांची माफी.

जे बसवलं ते: गोल, स्मूथ, सिलिकॉन जेल, २७५ सीसी, मध्यम प्रोफाइल. ड्युअल प्लेन, घडीतला छेद. डावीकडचं आवरण मागचा थोडा पातळ थर सोडून पूर्ण काढलं, उजवीकडचं थोडंच. दोन दिवस द्राव बाहेर काढायच्या नळ्या होत्या. डावीकडचा पॅथॉलॉजी रिपोर्ट: जुनाट दाह, तंतुमय ऊती, घातक पेशी नाहीत.

सर्जननी काढलेल्या वस्तूंचा फोटो दाखवला. मला वाटलं होतं डावं इम्प्लांट दगड झालं असेल. ट्रेमध्ये दोन्ही शेजारी शेजारी, सारखीच मऊ, बोट लावलं की खळगा पडेल अशी. आणि बाजूला डावीकडचं आवरण, पांढुरकं, जाड, अंड्याच्या कवचासारखी कड. वर्षभर मी इम्प्लांटला शिव्या घालत होते, आवळणारं ते होतं.

पहिले दहा दिवस स्नायूचं दुखणं पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा खूप जास्त होतं, ते कुणीतरी ठळक लिहायला हवं होतं. आता मऊ आहे, दोन्हीकडे. लिफ्ट नाही केली, डावीकडे खाली किंचित सैल वाटतं, सहा महिने पूर्ण झाल्यावर बघू म्हणाले. आणि एक नवीनच प्रकार: जड दार ढकललं किंवा दोन्ही तळहात एकमेकांवर दाबले की दोन्ही बाजू वर उडी मारतात. स्नायूखाली असल्याने होतं, हे आधी सांगितलं होतं, तरी पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा दचकलेच. भाचीला दाखवलं नाही. ती परत डावीकडे बसते.

चांदणं_पुसट

नवीन सदस्य. सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझंही उजवीकडे घट्ट व्हायला लागलंय, पण माझं कार्ड कुठेच सापडत नाहीये. बारा वर्षं झाली, घरं तीन बदलली.

करडी_छटा

जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे लेखी अर्ज देऊन ऑपरेशन नोट माग. इम्प्लांटचे स्टिकर बहुधा तिच्यावरच चिकटवलेले असतात. जुन्या फाइली कधी कधी नष्ट करतात, म्हणून आजच विचार. आणि फाइलची वाट बघत सोनोग्राफी लांबवू नकोस, त्याला कार्ड लागत नाही.

टाकादोरा

काहीच नाही मिळालं तरी अडत नाही. इम्प्लांटच्या मागच्या चकतीवर सहसा कंपनीची खूण आणि आकडे असतात, काढल्यावर वाचता येतात. फक्त आपल्या सर्जनला आधी सांगून ठेवा की ते टिपून घ्या आणि फोटो काढा. अचानक एक बाजू सुजली तर मात्र कशाचीही वाट न बघता दाखवा.

चांदणं_पुसट

सूज नाहीये. सोमवारी सोनोग्राफीची वेळ मिळाली आहे. फाइलसाठी नवऱ्याला पाठवतेय, तो रांगेत उभं राहण्यात तरबेज आहे.